गुपचूप गणपती ते भिकारदास मारुती

मी तसा देवभोळा नाही. पण ज्याच्याकडे १९९८ सालची स्कूटर आहे, त्याला नास्तिक राहणं परवडत नाही. किक मारताना तोंडातून आपसूक जे नाव निघतं, ते काही मेकॅनिकचं नसतं.

परवा सकाळी शनिवार पेठेतल्या घरून निघालो. गुपचूप गणपतीपाशी ती दोनदा खोकली आणि गप्प झाली. स्कूटर हो! गणपती आधीपासूनच गप्प. चोक ओढला, स्कूटर आडवी केली, सरळ केली, सतरा किका मारल्या. शेवटी देवळाकडे वळून म्हणालो, "बघ रे बाबा." त्याने बघितलं. तेवढंच.

माझा मेकॅनिक थेट सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीपाशी. निघालो ढकलत. पुण्यात स्कूटर ढकलणाऱ्याला कुणी हात लावत नाही, पण सल्ल्यावाचून चौकही ओलांडू देत नाही. "प्लग गेलाय." "पेट्रोलात पाणी असणार." एक आजोबा तर कट्ट्यावरून न उठता म्हणाले, "विकून टाका." आणि मी दहा पावलं पुढे गेल्यावर, "पण घेणार कोण?"

पत्र्या मारुतीपाशी पुन्हा आशा पालवली. ज्याने अख्खा द्रोणागिरी उचलला, त्याला शंभरेक किलोची स्कूटर म्हणजे काय? आणखी दहा किका. पोटरीत गोळा आला. तो डोंगर लक्ष्मणासाठी होता, हे तेव्हा लक्षात आलं.

खुन्या मुरलीधराच्या मूर्तीची १७९७ साली प्रतिष्ठापना होताना हाणामारीत रक्त सांडलं, म्हणून देवाचं हे नाव. कारणं काहीही सांगोत, तेव्हाही कुणीतरी मागून सारखा हॉर्न वाजवत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. माझ्या मागे रिक्षा होती.

उपाशी विठोबापाशी पोचेपर्यंत साडेदहा झाले. पोटात नुसता चहा. नवस बोललो, चालू झाली तर दर एकादशीला उपास करीन. लगेच साबुदाण्याची खिचडी डोळ्यांसमोर आली, आणि नवसात भक्ती किती नि दाण्याचं कूट किती, ते माझं मलाच कळेना.

मेकॅनिकच्या पोराने स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, कॉक?"

पेट्रोल ठिबकतं म्हणून रात्री मीच बंद केला होता. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर बिचारी गणपतीपर्यंत आली होती. त्याने कॉक फिरवला. पहिल्या किकला चालू.

"किती द्यायचे?"

"कॉक फिरवायचे काय घेऊ, काका?"

घरी येताना वाटेतल्या सगळ्या देवांना मान लववली. गुपचूप गणपतीपाशी मात्र थांबलो आणि त्याच्याकडे जरा रोखूनच पाहिलं. याला पहिल्यापासून माहीत होतं.