पंपांगा आणि माझ्यापुढची दुसरी बशी

फिलिपिन्समध्ये ओळखीचं माणूस भेटलं की तब्येतीची चौकशी नंतर, आधी 'जेवलात का?' आपल्याला त्यात नवल नाही, आपल्या मावश्याही तेच विचारतात. पण आपल्याकडे 'हो, आत्ताच जेवून निघालो' म्हटलं की प्रकरण चहावर मिटतं. इथं 'नाही' म्हटलं तर जेवायला बसवतात आणि 'हो' म्हटलं तर 'मग थोडंसंच घ्या' म्हणून बसवतात. आणि हे झालं मनिलाचं. पंपांगा प्रांतातले लोक तर मनिलावाल्यांना खाण्याच्या बाबतीत कच्चा लिंबू समजतात.

पंपांगा मनिलाच्या उत्तरेला, रस्ता मोकळा असेल तर दीडेक तासावर. (रस्ता मोकळा नसतो.) देशाची पाककलेची राजधानी असा त्याचा लौकिक, आणि तो इतर प्रांतांनीही फारशी खळखळ न करता मान्य केलेला. ऑफिसातली माझी एक सहकारीण तिथल्या ग्वाग्वा गावची. वयाने मोठी, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे तिला 'आते' म्हणतो. "एका दिवसात तुम्हाला आमचं सगळं खाणं दाखवते," तिने जाहीर केलं. "आणि मध्ये वेळ उरला तर चर्चही बघू."

आता मी कोकणातला. पोहणाऱ्या, उडणाऱ्या आणि चरणाऱ्या कुठल्याच जिवाशी माझं वैर नाही. बायको मात्र जन्माची शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. ही गोष्ट आतेला मी तीनतीनदा सांगितली होती. तिने प्रत्येक वेळी मान डोलावली होती. पंपांगात मात्र प्रत्येक टेबलावर बशा दोन आल्या, आणि भरलेली बशी तशीच परत पाठवणं म्हणजे वाढणाऱ्या बाईच्या तोंडावर 'तुमच्या हाताला चव नाही' म्हणण्यासारखं. बायकोने यावर गाडीतच तोडगा काढून ठेवला होता. "तू खा ना माझं," ती म्हणाली. "तुला आवडतं."

सकाळी सान फर्नांदोला न्याहारी. तोसिनो म्हणजे साखर-मिठात मुरवून तव्यावर परतलेलं डुकराचं मांस, लालसर, गोड, कडेला किंचित करपलेलं, सोबत लसणाचा भात आणि अंडं. पहिली बशी मी आनंदाने खाल्ली. दुसरी कर्तव्यबुद्धीने. बायकोने भात तेवढा वेचून घेतला आणि गावातल्या कंदिलांच्या उत्सवाबद्दल आतेकडून साग्रसंगीत माहिती मिळवली. नाताळच्या आधी इथं हजारो दिव्यांचे राक्षसी आकाशकंदील करतात आणि ते संगीताच्या तालावर लागतात-विझतात. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी चावत होतो.

तिथून मेक्सिको. हे पंपांगातलंच एक गाव. तिथं सान निकोलासची बिस्किटं बघायची होती. अरारूटचं पीठ, नारळाचं दूध, लोणी आणि अंड्यांचे पिवळे बलक. पिढ्यान्पिढ्या जपलेल्या लाकडी साच्यांवर ती थापतात, १० सप्टेंबरला संताच्या सणाला चर्चमध्ये मंतरून घेतात आणि आजारी माणसाला तुकडा-तुकडा देतात. इतके बलक कशासाठी, असं बायकोने विचारलं. आते म्हणाली, स्पॅनिश काळात चर्च बांधताना चुन्यात अंड्यातला पांढरा भाग कालवत, असं आमच्याकडे सांगतात. मग उरलेल्या बलकांचं करायचं काय, म्हणून ही सगळी मिठाई जन्माला आली.

"म्हणजे इथल्या भिंतीसुद्धा शाकाहारी नाहीत," बायको माझ्या कानात म्हणाली आणि आपलं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं. आजाऱ्यांसाठीचं बिस्किट म्हटल्यावर मी ते खाल्लं. त्या खोलीत त्याची गरज असलेला माणूस मीच होतो.

बाकोलोरचं सान गियेर्मो चर्च मात्र मी पोटासकट सगळं विसरून पाहिलं. १९९१च्या जूनमध्ये जवळचा पिनातुबो ज्वालामुखी काही शतकांची झोप मोडून फुटला. त्याने डोंगरउतारांवर रचून ठेवलेली राख पुढे दर पावसाळ्यात चिखलाचा लोंढा होऊन खाली येत राहिली. १ ऑक्टोबर १९९५ला असाच एक लोंढा बाकोलोरवर आला. माणसं गेली, घरं गेली, आणि बारा मीटर उंचीचं हे चर्च निम्मं गाडलं गेलं. गावाने ते सोडलं नाही. आत भरलेला चिखल उपसायच्या ऐवजी त्यावरच नवी जमीन धरली, खाली गाडलेली कोरीव वेदी खणून काढून घुमटाखाली उभी केली, आणि पूर्वीच्या खिडक्यांतून आत यायला सुरुवात केली. आपण आत शिरतो ते एकेकाळच्या भिंतीच्या मध्यावरून. प्रार्थना चालू आहेच.

तिथं बाहेर पडताना आतेने एक जुनं प्रकरण उकरून काढलं. १७६२ साली इंग्रजांनी मनिला घेतलं, तेव्हा सिमोन दे आंदा नावाचा स्पॅनिश अधिकारी निसटून बाकोलोरला आला आणि हे गाव स्पॅनिश सरकारची राजधानी झालं. इंग्रजांची ती फौज मद्रासहून आली होती आणि तिच्यात हिंदी शिपाई होते. त्यांतले काही परत गेलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइंता गावात संसार थाटून राहिले.

"तुमच्या लोकांमुळे आमचं बाकोलोर राजधानी झालं," आते गंभीरपणे म्हणाली. "आमच्यावर उपकार आहेत. चला, जेवायला उशीर होतोय."

मद्रासच्या शिपायांचे उपकार रत्नागिरीच्या माणसाने पोटावर फेडून घ्यायचे, असा एकंदर बेत होता.

ग्वाग्वाला आतेच्या घरी टेबलाचं लाकूड कुठंही दिसत नव्हतं. आतेच्या आईने 'मंगान ता ना' म्हणजे 'चला जेवू या' म्हणून हाक दिली, आणि ती हाक दर दहा मिनिटांनी, आम्ही जेवत असतानाही, देत राहिली. मध्यभागी ब्रिंघे होता: चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि हळद. तो पिवळा रंग बघून बायकोचा चेहरा उजळला. मग डावाने ढवळल्यावर कोंबडी वर आली. शेजारी बुरो, म्हणजे माशासोबत आंबवलेला भात. वास असा की तो तुमच्या आधी जेवायला बसतो. पण मोहरीच्या पानात गुंडाळून, उकडलेल्या वांग्यासोबत खाल्ला की मी म्हणतो काहीतरी थोर आहे. बायको कोरी पानं आणि कोरी वांगी खात होती. आतेची आई तिच्याकडे पाहून हळहळली. एवढी तरुण मुलगी आणि पथ्यावर!

मग कामारू. भातशेतात जमीन पोखरत फिरणारा हा किडा, रातकिड्याचा भाऊबंद. पंख-पाय काढून तो व्हिनेगर-लसणात परततात. खमंग, कुरकुरीत, आणि डोळे मिटून खाल्ला तर अगदी छान. डोळे उघडे ठेवून खायचा प्रश्न दुसऱ्या बशीपाशी आला. त्यानंतर बेतुते: शेतातला बेडूक, पोटात खिमा भरून अखंड तळलेला. अखंड म्हणजे हातपाय पसरून, निवांत. एक बेडूक माझ्यापुढे, एक बायकोपुढे. बायकोने खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडाचं मनापासून कौतुक केलं. आतेची आई ते झाड दाखवायला उठली आणि तेवढ्यात बेडूक इकडून तिकडे गेला. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण इतकं एकदिलाने आम्ही क्वचितच काही केलं असेल.

शेवटी तिबोक-तिबोक आलं. काराबावच्या, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या थरथरत्या वड्या, वर नारळाच्या दुधाचा तांबूस चोथा. अंडं नाही, मांस नाही. बायकोने आपली बशी संपवली. मग माझ्याकडे न बघता माझी ओढली. दिवसभरात उलट दिशेने झालेली ही एकमेव वाहतूक.

दुपारी बेतिसचं चर्च. २००१ साली राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालेलं, छत या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवलेलं, आणि सपाट लाकडावर खरे कोनाडे-कंगोरे भासावेत अशी करामत केलेली. ते बघायला मान मागे टाकावी लागते. माझ्या त्या वेळच्या अवस्थेत मान मागे टाकणं धोक्याचं होतं. मी जमिनीच्या फळ्या बघितल्या. त्याही सुंदर आहेत.

संध्याकाळी एंजेलिस. सिसिगचं गाव. शेजारच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरच्या मुदपाकखान्याला डुकराची मुंडकी नको असत, ती स्वस्तात मिळत. लूसिया कुनानन या बाईंनी १९७४च्या सुमाराला रेल्वे फाटकाजवळच्या आपल्या टपरीत गाल आणि कान उकडून, भाजून, बारीक चिरून, कांदा-मिरची-कालामान्सी लिंबू पिळून जो पदार्थ दिला, त्याने देश जिंकला. २०१७मध्ये शहराने रीतसर ठराव करून सिसिगला आपला अमूर्त वारसा ठरवलं. वर अंडं फोडणारे आणि मेयोनीज घालणारे मनिलावाले इथं पाखंडी समजले जातात. आपल्याकडे मिसळीवर असा ठराव आणून बघा, पुण्या-कोल्हापुरात संचारबंदी लागेल.

चरचरत्या दोन तव्या आल्या. तेवढ्यात आतेने सहज सांगितलं, की सिसिगचा पहिला लेखी उल्लेख १७३२ सालच्या एका स्पॅनिश पाद्र्याच्या शब्दकोशात आहे, आणि तेव्हा सिसिग म्हणजे कच्च्या पपईची किंवा पेरूची मीठ, मिरी, लसूण, व्हिनेगर लावलेली कोशिंबीर होती.

बायको ताठ बसली. "मला ते हवंय."

"ते १७३२ साली होतं," मी म्हणालो.

"मग? वारसा बघायला आलोय ना?"

आतेने पिशवी उघडली. दुपारी झाडाचं एवढं कौतुक झाल्यावर तिच्या आईने कच्चे पेरू बांधून दिले होते. टपरीवाल्या बाईंनी ते चिरले, मीठ-मिरी-लसूण टाकलं, व्हिनेगर ओतलं, आणि बायकोने दिवसभराची भूक त्यावर काढली. मी दोन्ही तव्यांशी झुंजत होतो. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"हे नुसतं मांसच खातात?" त्यांनी आतेला काळजीने विचारलं. "फळं नको का पोटात जायला?"

आणि माझ्यासाठी पेरूची वेगळी बशी भरायला घेतली.