दालचिनी-मधाच्या चमच्याविषयीचे दावे आणि त्यांतील तथ्य

मधुमेही माणसांच्या घरांत एक संदेश गेली अनेक वर्षे फिरतो आहे. रोज सकाळी उपाशीपोटी चमचाभर दालचिनी पूड मधात कालवून घ्या. महिन्याभरात साखर आटोक्यात येईल, कोलेस्टेरॉल उतरेल, सांधेदुखी जाईल आणि गोळ्या बंद करता येतील, असे त्यात म्हटलेले असते. कॅनडातील एका साप्ताहिकाने हे १९९५ साली छापले, आयुर्वेदातही हेच सांगितले आहे आणि मसालाच असल्यामुळे अपाय होऊच शकत नाही, असे तीन आधारही सोबत दिलेले असतात.

पहिला आधार लगेच निकालात निघतो. संदेशातील ‘वीकली वर्ल्ड न्यूज’ हे कॅनडातील नव्हे, तर अमेरिकेतील फ्लोरिडातून निघणारे, अर्धा माणूस-अर्धा वटवाघूळ असलेल्या मुलाची ‘बातमी’ छापणारे पत्र होते. वैद्यकीय संशोधनासाठी त्याचा हवाला देता येत नाही.

साखरेविषयीचा दावा मात्र निराधार म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. २००३ साली पाकिस्तानात टाइप-२ मधुमेहाच्या ६० रुग्णांना ४० दिवस दालचिनी किंवा निरुपद्रवी पूड देण्यात आली, तेव्हा दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. पुढे मात्र वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये १० चाचण्या आणि ५७७ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दालचिनीची शिफारस करावी इतका पुरावा मिळाला नाही. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीतही ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे दालचिनीच्या भरवशावर गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे, आणि संदेशातील सर्वांत घातक वाक्य तेच आहे. शिवाय मोठ्या चमचाभर मधात सुमारे १७ ग्रॅम साखर असते, तिचा उल्लेख संदेशात कुठेही नसतो.

अपाय होत नाही, हे विधानही चुकीचे आहे. आपल्या किराणा दुकानांत दालचिनी म्हणून मिळणारी जाड, टणक, गडद तपकिरी साल बहुधा कॅशिया या दालचिनीच्याच कुळातील दुसऱ्या झाडाची असते. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, फिकट आणि बोटांनी सहज चुरणारी असते. कॅशियात कूमारिन हे द्रव्य बरेच असते, खऱ्या दालचिनीत नाममात्र. अधिक कूमारिन काही व्यक्तींच्या यकृताला बाधते, म्हणून युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने त्याची दैनंदिन मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. कॅशियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३ मिलिग्रॅम कूमारिन धरले, तर ६० किलो वजनाच्या माणसाची मर्यादा दोन ग्रॅम पुडीतच संपते, आणि एक सपाट चहाचा चमचा त्याहून जास्त भरतो. पूड झाल्यावर साल कोणती होती, हे नुसत्या नजरेने ओळखणेही कठीण असते.

आयुर्वेदाचा हवाला तर उलटाच पडतो. घराघरांत ओळखीचे सितोपलादि चूर्ण पाहा: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १. म्हणजे तीन ग्रॅम चूर्णात दालचिनी जेमतेम ०.१ ग्रॅम येते. ज्या परंपरेने दालचिनीला उष्ण म्हटले आणि इतक्या बेताने वापरले, तिच्या नावावर चमचाभर पूड खपवणे हा त्या परंपरेवरच अन्याय आहे. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, हेही येथेच सांगायला हवे, कारण हा संदेश वयाची अट घालत नाही.

स्वयंपाकातील दालचिनीला मात्र या वादाची झळ लागण्याचे कारण नाही. तिचा सुवास देणारे सिनामाल्डिहाइड तेलातुपात चांगले उतरते. म्हणून मसालेभाताच्या फोडणीत किंवा पांढऱ्या रश्शासाठी तूप तापले की बोटाच्या पेराएवढा तुकडा आधी टाकतात. गोड्या मसाल्यातही धन्याखोबऱ्याच्या मानाने ती अगदी थोडी असते, आणि त्यातला चमचाभर मसाला आमटीत पडून चारपाच जणांत वाटला जातो. ज्यांना ती रोजच हवी असेल त्यांनी पातळ पापुद्र्यांची साल निवडून लहानसा तुकडा चहात उकळावा. तिच्या गोडसर वासामुळे साखर कमी घातली तरी चहा फिका लागत नाही.