दोनदा तळलेला माणूस

"त्यात काय एवढं? बटाटे कापायचे आणि तळायचे," असं म्हणत मी हातातलं फ्रोझन फ्राइजचं पॅकेट पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. बायको काहीच बोलली नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

बटाटे फ्रीजमधले होते, ही पहिली चूक. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तेलात पडल्यावर अशा फोडी आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळवंडतात, हे ज्ञान मला कढईने दिलं. पहिला घाणा दिसायला शेकोटीतल्या काटक्या आणि चावायला कच्चा बटाटा.

मग बाहेर ठेवलेले बटाटे घेतले आणि अभ्यास केला. (तो आधी करायचा असतो, मान्य.) फोडी सारख्या जाडीच्या हव्यात. माझ्या काही काडेपेटीतल्या काडीएवढ्या होत्या, काही दाराच्या अडसराएवढ्या. त्या अर्धा तास गार पाण्यात ठेवायच्या, म्हणजे वरचा स्टार्च निघून जातो. पाणी गढूळ पांढरं झालं की ओतायचं, पुन्हा भरायचं. नंतर पुसायच्या. मुलगी तान्ही असताना तिचं अंगही मी इतक्या हळुवारपणे टिपलं नसेल. पण ओली फोड तेलात गेली की तेल आपल्या अंगावर येतं, त्यामुळे माया आपोआप उत्पन्न होते.

एवढं करून तळायचं दोनदा! आधी साधारण १५० अंशांवर, आतून शिजण्यापुरतं. मग काढून निववायचं. मग १८० ते १९० अंशांवर, कुरकुरीत व्हायला. घरात थर्मामीटर एकच, तापाचा. त्याची धाव ४२ पर्यंत. पहिल्या तळणीनंतर फ्राइज फिकट पडून माना टाकून पसरल्या होत्या. साधारण माझीही तीच अवस्था होती.

"बाबा, झालं?" मुलीने सहाव्यांदा विचारलं.

त्या निवेपर्यंत फ्रीजरमधल्या पॅकेटबद्दलही वाचून काढलं. कारखान्यात बटाटे सोलतात, कापतात, गरम पाण्यातून काढतात, सुकवतात, एकदा तळतात आणि मग गोठवतात. म्हणजे मी तीन तास जे करत होतो, ते सगळं करून कोणीतरी पिशवीत भरून दिलं होतं. आपण फक्त दुसरी तळणी करायची, तीही वितळू न देता, थेट फ्रीजरमधून कढईत. आणि वाहवा आपली!

दुसऱ्या तळणीच्या फ्राइज मात्र खरंच झकास झाल्या. तिघांनी ओट्यापाशी उभ्या उभ्याच चार मिनिटांत संपवल्या. त्याने माझं डोकं फिरलं. एकदाच तळलेल्या अर्ध्या फोडी उरल्या होत्या, त्या मी पिशवीत कोंबून फ्रीजरमध्ये टाकल्या. झालं आपलं घरचं फ्रोझन!

त्या आधी ताटात सुट्या पसरून गोठवायच्या असतात, हे सकाळी कळलं. पिशवीत फ्राइज नव्हत्या, एक वीट होती. लाटण्याने ठोकलं, हातोडी आणली. वीट अभंग राहिली.

परवा जिन्यात बायकोचा पाय मुरगळला. बर्फ शोधत होतो, तर ती म्हणाली, "बर्फ राहू दे. तुझ्या फ्राइज आण."