लहान सोडा, मोठा धरा: रॉकफिशला हा नियम का चालत नाही

भाऊ, यलोआय रॉकफिश या पॅसिफिक महासागरातल्या खोल पाण्यातल्या माशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. मासा अंडी घालतो, पिल्लं देत नाही. माशाचं शंभर वर्षांचं वय कोणी मोजलं? आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लहान मासा सोडून मोठा धरतात, तो शहाणपणा मी चुकीचा ठरवतोय.

रॉकफिश पिल्लंच देते. नराचे शुक्राणू मादी पोटात काही महिने सांभाळून ठेवते, मग अंडी फळतात, पोटातच फुटतात आणि इवलीशी पिल्लं समुद्रात सोडली जातात. मोठ्या यलोआयच्या पोटात दहा लाखांवर अंडी असतात.

वय मोजतात ते माशाच्या कानातल्या खड्यावरून. सागाच्या खोडासारखी त्यावर वर्षाला एक वलय चढते. वलयं मोजण्यात गफलत होत नाही ना, हे तपासायला १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्या कामी आल्या. त्यांच्यामुळे समुद्रात वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या काळात जन्मलेल्या माशांच्या खड्यात सापडतो आणि वलयांच्या हिशोबाशी जुळतो. यलोआय शंभरी पार करतो; त्याच्या कुळातल्या रफआय रॉकफिशचं वय २०५ वर्षांपर्यंत नोंदलं गेलंय.

आता तिसरा आक्षेप, कारण खरा वाद तिथेच आहे. यलोआय वयात यायलाच वीसेक वर्षं घेते. त्यातून सगळी पिल्लं सारखी नसतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या ब्लॅक रॉकफिशवरचं संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. म्हाताऱ्या माद्यांच्या पिल्लांकडे शिदोरी म्हणून असलेला तेलाचा थेंब मोठा होता. ती तरुण माद्यांच्या पिल्लांपेक्षा तिपटीहून वेगाने वाढली आणि उपाशीपोटी दुपटीहून जास्त काळ तगली. म्हणजे मोठा मासा धरला की नेमकी सगळ्यात दमदार पिल्लं देणारी आई जाते.

लहान सोडून देण्याचंही तिथे तितकं सोपं नाही. रॉकफिशच्या पोटातली हवेची पिशवी बंद असते, हवा पटकन बाहेर पडत नाही. शंभर मीटरवरून ओढून काढला की ती फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं. सोडलेला मासा पाण्यावर तरंगत राहतो आणि पक्षी त्याला टिपतात. वजन लावून परत खोल सोडला तर बरेचदा जगतो. अमेरिकेने २००२ साली पश्चिम किनाऱ्यावरचा यलोआय अतिमासेमारीने घटल्याचं जाहीर केलं आणि मोठी क्षेत्रं मासेमारीला बंद केली, ती यामुळेच.

मोठा मासा सोडायचा हा रॉकफिशचा धडा आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांना जसाच्या तसा लावा, असं मी लिहिलेलं नाही आणि लावूही नये. रोहू-कटला साचलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. मच्छीमार संस्था मत्स्यबीज विकत आणून सोडते. तिथे मोठा झालेला कटला धरण्यात काही बिघडत नाही. तुमचा शहाणपणा तिथे शंभर टक्के बरोबर आहे. पण मरळीचं वेगळं. ती तलावातच अंडी घालते आणि लालसर पिल्लांच्या थव्याभोवती नर-मादी पहारा देतात. त्या वेळी मोठी मरळ मारली तर अख्खा थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. पावसाळ्यात असा थवा दिसला की तुमच्या गावचे ढिवर बांधव त्या जोडीला हात लावतात की सोडून देतात? ते इथेच लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.