‘कम्युनिकेशन वीक’ असा शेरा मारण्याआधी

इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर ‘कम्युनिकेशन’ नावाचा एक रकाना असतो. महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या कारखान्यांत ऑपरेटर, ट्रेनी केमिस्ट, मेंटेनन्सची मुलं घेताना या रकान्यात ‘वीक’ लिहिलं की विषय संपतो. मी प्रॉडक्शनमध्ये आहे, बरीच वर्षं अशा पॅनलवर बसते आहे आणि आज हे उघड लिहिते आहे, कारण पॅनलच्या खोलीत बोलून फारसा उपयोग होत नाही. त्या रकान्यात आपण मुलाचं इंग्रजी मोजतो. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट त्याला दुसऱ्याला नीट सांगता येते का, हे आपण तपासतच नाही. आणि प्लांटवर आपल्याला गरज असते ती नेमकी याच गोष्टीची.

येणारी मुलं कोण असतात? दिघा, ऐरोली, घणसोली, कळवा, तिकडून पनवेल-उलवेपर्यंतची. कोणाचे वडील याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबलेले, कोणाची आई पॅकिंगला. कोणी आयटीआयमध्ये एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) केलेलं, कोणी डिप्लोमा, कोणी बीएस्सी केमिस्ट्री. सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलेलं असतं. ‘मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम ऐरोली, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क अँड पंक्च्युॲलिटी.’ तिसऱ्या वाक्याला गाडी अडते. मग मुलगा समोरच्या माणसाकडे बघायचं सोडून छताकडे बघत हरवलेली ओळ शोधत बसतो. त्या मिनिटात त्याच्या दोन-तीन वर्षांच्या कामाबद्दल आम्हाला अक्षरही कळत नाही, आणि शेरा मात्र लिहून होतो.

एक मुलगा मला विसरता येत नाही. असाच अडकला होता. कपाळावर घाम. मी म्हटलं, “हे राहू दे. अप्रेंटिसशिपला असताना प्लांटवर कधी गडबड झाली होती का? मराठीत सांग.”

“झाली होती मॅडम,” म्हणाला आणि सरळ बसला. “रिॲक्टरमध्ये केमिकलचं ॲडिशन चालू होतं. टेम्परेचर ४५ च्या वर जाऊ द्यायचं नव्हतं. मी बघितलं तर ४८. ऑपरेटर काका दुसऱ्या रिॲक्टरवर होते. मी आधी ॲडिशन बंद केलं. मग थंड करायला जॅकेटचा ब्राइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. कंट्रोल पॅनलवरचं रीडिंग चुकीचं असेल म्हणून खाली जाऊन गेज बघितला, तोपण तेच दाखवत होता. मग काकांना हाक मारली. ते येईपर्यंत दर दोन मिनिटांनी टेम्परेचर लिहून ठेवलं, म्हणजे त्यांना कळेल वाढतंय का उतरतंय.”

यापेक्षा चांगला रिपोर्ट मी इंजिनीअरांकडूनही क्वचित ऐकला आहे. काय दिसलं, मर्यादा किती होती, आधी काय केलं, खात्री कशी केली, कोणाला कळवलं. शेवटचं वाक्य तर सोन्यासारखं. पुढच्या माणसाला काय लागेल, याचा विचार त्या मुलाने स्वतःहून केला होता. त्याच्या फॉर्मवर तरीही ‘कम्युनिकेशन वीक’ असंच लिहिलं गेलं. मी हरकत घेतली, ती टिकली नाही. तो नंतर दुसऱ्या कंपनीत लागला, आणि त्या कंपनीचं भलं झालं असं मला मनापासून वाटतं.

आता या मुलांना शिकवलं काय जातं ते बघा. ठाणे स्टेशनच्या आसपास, वाशीत, बेलापूरला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लास आहेत. घरचे पोटाला चिमटा काढून फी भरतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी एक आकडा ऐकायला मिळतो: बोलण्यात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या अभ्यासांतून आलेले आहेत. पण त्या प्रयोगांमध्ये एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढंच विचारलं होतं. भावना आणि पसंती-नापसंती यांच्यापलीकडे हे सूत्र लावू नका, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. इंटरव्ह्यूत तुम्ही बॅच कशी वाचवली हे सांगत असता, तेव्हा अर्थ शब्दांतच असतो. शर्ट स्वच्छ असावा, विचारणाऱ्याकडे बघून बोलावं, हे ठीकच. पण महिनाभर हस्तांदोलन आणि बसायची पद्धत शिकवून मुलाला स्वतःच्या कामाबद्दल सलग पाच वाक्यं बोलता येत नसतील, तर त्याची फसवणूक झाली आहे.

मुलांनो, मुलींनो, पाठ केलेला परिचय सोडा. घरी बसून तुम्ही खरोखर केलेली तीन कामं आठवा. प्रोजेक्ट असेल, अप्रेंटिसशिप असेल, गणपती मंडळाचा हिशेब असेल, बाबांच्या दुकानातला माल लावणं असेल. प्रत्येकात अडचण काय होती, तुमच्या वाट्याला काय आलं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं, हे कोणाला तरी मोठ्याने सांगून बघा. आईला सांगा, धाकट्या भावाला सांगा. त्यांनी मधेच ‘म्हणजे?’ विचारलं की समजा, तिथे काहीतरी सांगायचं राहिलंय. मोठ्या कंपन्यांच्या एचआरकडे या पद्धतीला ‘स्टार’ असं इंग्रजी नाव आहे, पण नावाशी आपल्याला देणंघेणं नाही. आकडे आठवून ठेवा. ‘टेम्परेचर वाढलं’ आणि ‘४५ ऐवजी ४८ झालं’ यात ऐकणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एका सवयीबद्दल जरा थांबून लिहिते, कारण ती आपल्या घरांतून येते. आपली मुलं ‘मी’ म्हणत नाहीत. ‘आम्ही केलं’, ‘आमच्या ग्रुपने केलं’, ‘सरांनी सांगितलं तसं केलं’. घरी आपण शिकवलेलं असतं की स्वतःची टिमकी वाजवू नये, मोठ्यांसमोर ‘मी, मी’ करू नये. संस्कार म्हणून तो मला प्रियच आहे. पण समोर बसलेल्या माणसाला ग्रुप नोकरीवर घ्यायचा नसतो, तुम्हाला घ्यायचं असतं. मुलींच्या बाबतीत हे आणखी जास्त. प्रोजेक्टचं सगळं टायट्रेशन जिने केलं ती मुलगी म्हणते, ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं मॅडम.’ मग मी विचारते, “त्यात तुझ्या हातात काय होतं?” तेव्हा कुठे ती हळूहळू बोलायला लागते. ‘मी टायट्रेशन केलं, रीडिंग दुसरीने लिहिलं’ हे सांगण्यात गर्व नाही. ती माहिती आहे, आणि ती देणं तुमचं काम आहे.

आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ असं स्वच्छ म्हणा. डिस्टिलेशन कॉलमबद्दल थाप मारणारा मुलगा उद्या प्लांटवरही थाप मारेल, ही भीती आम्हाला असते आणि ती रास्त आहे.

आता माझ्या बाजूच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हाच दिसलं होतं की गप्पांसारख्या मोकळ्या इंटरव्ह्यूपेक्षा ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू माणसाच्या पुढच्या कामाचा जास्त चांगला अंदाज देतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ती सगळी आकडेमोड पुन्हा तपासली. त्यात इतर बऱ्याच चाचण्यांचं वजन घसरलं आणि ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू सर्वांत वर आला. ठरवून म्हणजे काय? सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, प्रश्न त्या कामातूनच निघालेले, आणि चांगलं उत्तर कोणतं हे आधीच लिहून ठेवलेलं. याला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते. तरीही आपण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ने सुरुवात करतो आणि पहिल्या दोन मिनिटांतच मत बनवून मोकळे होतो.

इंग्रजी लागत नाही असं मी म्हणत नाही. एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, इंग्रजीत असते, बॅच रेकॉर्ड इंग्रजीत भरायचं असतं, ऑडिटर प्रश्न इंग्रजीत विचारतो. मग तेच तपासा ना! अर्ध्या पानाची एसओपी हातात द्या, वाचायला वेळ द्या आणि ‘आता काय करशील?’ हे त्याच्या भाषेत सांगायला लावा. बॅच रेकॉर्डचं कोरं पान द्या, दोन ओळी लिहून घ्या. कामापुरतं इंग्रजी आहे की नाही ते दहा मिनिटांत कळतं. नसेल तर कोणतं शिकवायचं तेही कळतं. विमानतळाची गोष्ट वेगळी. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं. तिथल्या काउंटरवर प्रवाशांशी बोलायच्या नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांना बोलण्याचं इंग्रजी आणि हिंदी दोन्ही पक्कं करावंच लागेल. काम बदलतं तशी भाषेची गरज बदलते. रिॲक्टरसमोर उभं राहणाऱ्या मुलाला विमानतळाच्या काउंटरचं माप लावू नका, एवढंच माझं मागणं आहे.

नोकरी लागल्यावरचं बोलणं तर याहून महत्त्वाचं, कारण तिथे जीव पणाला लागलेले असतात. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रीच्या माणसांपर्यंत पोचली नाही. रात्री पावणेदहाच्या सुमाराला दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा सुरू करायला घेतला. गॅस सुटला आणि दहा वाजता पहिला स्फोट झाला. आग लागल्यावरही शेजारचे प्लॅटफॉर्म आपलं तेल लाइनीत ढकलत राहिले, कारण आपल्या अधिकारात ते बंद करावं की नाही याचा निर्णय तिथे वेळेत झाला नाही. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. वर्क परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) आणि शिफ्टचा चार्ज देणं-घेणं हे त्यातले मोठे मुद्दे होते. तिथलं सगळं कामकाज इंग्रजीतच चालायचं. भाषेची अडचण नव्हती. सांगायचं राहिलं होतं.

आपल्याकडे चार्ज कसा दिला जातो ते तुम्हीच आठवा. तीनला शिफ्ट संपते. तीन दहाला कंपनीची बस सुटते. ती चुकली तर घणसोली नाहीतर कोपरखैरणे स्टेशनपर्यंत रिक्षा, आणि पुढे ट्रान्स-हार्बरची वाट बघा. मग चार्ज गेटवर दिला जातो, ‘सगळं नॉर्मल आहे’ या तीन शब्दांत. लॉगबुकमध्ये आदल्या दिवशीची ओळ तशीच उतरवली जाते. पंपाचं सील थोडं गळतंय, परमिट अजून उघडं आहे, ठेकेदाराची दोन माणसं अजून वर रॅकवर आहेत, हे सांगायचं राहून जातं. ठेकेदाराच्या त्या माणसांना तर कोणीच काही सांगत नाही. ती बहुतेक वेळा बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली. त्यांना मराठीत सूचना दिली की ती मान हलवतात, आणि आपण समजतो की कळलं.

मान हलवली, ‘हो मॅडम’ म्हटलं, ग्रुपवर अंगठा टाकला, यातून काहीच सिद्ध होत नाही. विमानाचा पायलट कंट्रोलरने दिलेला महत्त्वाचा हुकूम पुन्हा उच्चारून दाखवतो, आणि चुकीचा उच्चारला तर कंट्रोलर तिथेच दुरुस्त करतो. हीच पद्धत मी माझ्या शिफ्टला लावली आहे. “कोणता व्हॉल्व्ह? किती उघडणार? कोणाला विचारून?” उत्तर ऐकल्याशिवाय मी हलत नाही. सुरुवातीला जुन्या ऑपरेटरांना अपमान वाटला. ‘इतकी वर्षं काम करतोय, आम्हाला विचारता?’ पण मी प्लांट हेडने सांगितलेलंही तसंच परत बोलून दाखवते, हे त्यांनी पाहिलं आणि राग गेला.

आणि वाईट बातमी. बॅच बिघडली, चुकीचा ड्रम रिॲक्टरमध्ये ओतला गेला, हे माणूस लपवतो, कारण मागच्या वेळी ज्याने सांगितलं त्याला सगळ्यांसमोर झापलं गेलेलं असतं. अशा ठिकाणी कितीही कम्युनिकेशनचे ट्रेनिंग घ्या, कोणी तोंड उघडणार नाही. पहिला प्रश्न ‘आत्ता परिस्थिती काय आहे?’ हा असावा. ‘कोणी केलं?’ नंतर बघू.

व्यवस्थापनात बसलेल्या मित्र-मैत्रिणींनो, निदान सुपरवायझर आणि कंट्रोल पॅनल सांभाळणाऱ्यांसाठी चार्ज द्यायची पंधरा मिनिटं ड्युटीत धरा आणि बस साडेतीनला सोडा. चार्ज प्लांटवर उभं राहून, पंप दाखवून, उघडी परमिटं हातात घेऊन दिला गेला पाहिजे. ज्या कंपन्यांत हे आधीच होतंय, त्यांच्या लोकांनी कसं बसवलं ते खाली जरूर लिहा. विशेषतः बसच्या वेळेचं ट्रान्सपोर्टवाल्यांशी कसं जमवलं ते, कारण आमच्याकडे गाडं तिथेच अडलं आहे.