मेसेज गेला नाही, म्हणे!

पुन्हा तेच. लाल उद्गारचिन्ह आणि खाली 'मेसेज पाठवता आला नाही'. का नाही, ते मात्र सांगणार नाही! कॉल खणखणीत लागतोय, नेट धावतंय, आणि दोन ओळींचा साधा एसएमएस दारातच अडून बसलाय. कोणालाही विचारा, एकच मंत्र: 'बंद करून चालू कर.' केलं हो, चारदा केलं. सिम काढून पुसून परत घातलं. एअरप्लेन मोड लावला, काढला. कॅशे साफ केली. दीड तास डोकं फोडल्यावर सापडलं काय, तर सेटिंगच्या पोटात दडलेला मेसेज सेंटरचा, म्हणजे मोबाइल कंपनीच्या एसएमएस पुढे धाडणाऱ्या केंद्राचा, नंबर कोरा! तो नसेल तर मेसेज जाणार कुठे? आणि तो पुसला कोणी? मी तर नाही बुवा.

त्यात मराठीत लिहायची हौस. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. वर काना, मात्रा, वेलांटीही वेगवेगळ्या मोजतात! मग मेसेजचे तुकडे पडतात आणि एखादा वाटेतच गळतो.

ओटीपी मात्र येतात. मुदत संपल्यावर, तिन्ही एकदम.