राणीची उडी दुसऱ्या अंकात आहे

नमस्कार ताई,

झाशीच्या राणीवरच्या आमच्या नाटकाच्या रविवारी दुपारच्या प्रयोगाबद्दल तुम्ही एक तारा देऊन लिहिलेलं वाचलं. प्रयोग ४० मिनिटं उशिरा सुरू झाला, मागच्या रांगांत आवाज नीट येत नव्हता, ही दोन्ही गाऱ्हाणी खरी आहेत. आधीच्या कार्यक्रमाने रंगमंच उशिरा सोडला आणि नेपथ्य लावायला आम्हाला वेळ उरला नाही. तरी तुमचा खोळंबा झालाच. त्याबद्दल माफी मागतो.

पण ‘फसवणूक’ हा शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाही. तुम्ही म्हणता, पोस्टरवर घोडा आणि पाठीला बांधलेलं मूल, नाटकात मात्र नुसत्या गप्पा; लेकीला राणी दाखवायला आणलं होतं, शेवटी मध्यंतरातच उठून आलो, ५०० रुपयांचं तिकीट पाण्यात गेलं. ताई, मध्यंतरात निघालात तर उडी दिसणार कशी? पहिल्या अंकात राणीचे पती गंगाधरराव यांचं जाणं आहे, दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये इंग्रजांनी झाशी घशात घातली ते आहे. लढाई सगळी नंतर. पडदा उघडतो तोच १८५८ च्या वेढ्यात. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांची फौज हरते, ३ तारखेला इंग्रज शहरात घुसतात आणि ४ च्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडते. त्या प्रसंगात आमची चार मुलं लाकडी चौथरा खांद्यावर घेऊन पूर्ण रंगमंच धावतात, वर राणी उभी असते. एका मुलाचा खांदा तालमीत सुजला होता, तरी त्याने एकही प्रयोग चुकवला नाही. हे तुम्ही पाहिलं असतंत आणि मग नावं ठेवली असतीत, तर मी एक शब्द बोललो नसतो.

मूल पाठीला बांधलेलं आम्ही दाखवत नाही, हे कबूल. दामोदररावांना १८५३ मध्ये दत्तक घेतलं तेव्हा ते ५ वर्षांचे होते, म्हणजे त्या रात्री नऊ-दहा वर्षांचे. झाशीच्या किल्ल्यावर उडीची म्हणून जी जागा दाखवतात, तिथे मी स्वतः उभा राहिलो आहे. खाली बघवत नाही. म्हणून आमच्याकडे मुलगा आईच्या मागे कंबर धरून असतो. पोस्टरवर मात्र जुनंच चित्र ठेवलं, कारण त्यावाचून लोक राणीला ओळखत नाहीत. त्यावर काय करता येईल ते बघतो.

आणि ‘हा कोकणातला भटजी मध्येच कशाला’ असंही तुम्ही विचारलं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या दिवसांत खरोखर झाशीत होते. ती धूळधाण त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आपल्या मुलुखातला असा साक्षीदार असताना निवेदन दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्यायला माझं मन धजत नाही. परवा एक आजी विंगेत येऊन त्यांचं काम करणाऱ्या नटाचा हात धरून किती वेळ उभ्या होत्या.

तुमचं लिहिणं वाचून एका शाळेने ठरलेला प्रयोग थांबवला आहे. आमची २२ माणसं, प्रत्येकाची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, टेम्पो, नाट्यगृहाचं भाडं. हा हिशेब तुम्ही करावा असं नाही, पण एका ताऱ्याने काय होतं ते कळावं म्हणून सांगितलं.

माइकवाल्यांशी बोलणं झालं आहे. पहिला अंक थोडा आटोपता करता येतो का, तेही पाहतो आहोत. वेळेकडे यापुढे मी स्वतः लक्ष देईन. लेकीला घेऊन पुन्हा या. बुकिंगच्या खिडकीवर एवढंच सांगा की मध्यंतरात गेलो होतो. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या तुमच्या, पैसे नकोत. फक्त या वेळी शेवटपर्यंत बसा. ग्वाल्हेरचा प्रसंग अगदी शेवटी आहे.

— निर्माता